दोनशे बासष्टावा खेळाडू

एप्रिल २०२२ मधला शेवटचा शनिवार. आमचा नातू, तेव्हा तेरा वर्षांचा, सकाळपासून टीव्हीसमोर मांडी ठोकून बसला होता. एनएफएलच्या ड्राफ्टचा तिसरा दिवस. मांडीवर वही, वहीत नावांची यादी; आपल्या नाइनर्सनी कोणाला घ्यावं, कोणाला मुळीच घेऊ नये, सगळं लिहिलेलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या यादीतली नावं इतर संघांनी उचलून संपवली आणि शेवटचं, २६२वं नाव पुकारायच्या आतच त्याने टीव्ही बंद केला. "आजोबा, आता कोणी उरलं नाही. जे उरलेत ते नुसते नंबर भरायला."

त्या शेवटच्या नावाला इकडे एक खोचक पदवी आहे, 'मिस्टर इररेलेव्हंट'. आपण 'श्रीयुत बिनकामाचे' म्हणू. त्या वर्षीचे श्रीयुत बिनकामाचे म्हणजे आयोवा स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी, आणि त्याला घेणारा संघ आमचाच, सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नाइनर्स. डिसेंबरात तोच संघाचा क्वार्टरबॅक झाला आणि त्याच्या पुढच्या हंगामात त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेलं. नातवाची वही त्यानंतर कोणाला दिसलेली नाही.

लोक याला नशीब म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. पंचेचाळीस वर्षं हा खेळ पाहून माझं मत असं झालं आहे की 'हा खेळाडू किती चांगला?' हा प्रश्न अर्धाच असतो. 'कशासाठी चांगला?' हा उरलेला अर्धा, आणि त्याचं उत्तर खेळाडूच्या अंगात शोधून सापडत नाही. ते संघ कशा पद्धतीने आक्रमण करतो त्यात असतं.

ज्यांनी फुटबॉल फक्त सुपर बोलच्या रविवारी, समोशांच्या निमित्ताने पाहिला आहे त्यांच्यासाठी चार ओळी. दोन्ही बाजूंना अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो रनिंग बॅकच्या पोटाशी देतो, नाहीतर धावत सुटलेल्या रिसीव्हरकडे फेकतो. तोवर पाच धिप्पाड लाइनमन समोरच्यांना थोपवून धरतात. सगळा प्रयोग चार-पाच सेकंदांचा, पण कोणी किती पावलं धावायचं आणि कुठे वळायचं हे आधीच लिहून पाठ केलेलं. या लिहिण्यामागे जो विचार असतो त्याला इथे स्कीम म्हणतात. मराठी माणसाला 'स्कीम' म्हटलं की कुठेतरी बुडालेले पैसे आठवतात, म्हणून मी 'पद्धत' म्हणतो.

आता बाजाराचे नियम. ३२ संघ, कॉलेजमधल्या खेळाडूंच्या निवडीच्या सात फेऱ्या, आणि गेल्या हंगामात जो तळाला त्याचा पहिला नंबर. संघात ५३ जण. शिवाय १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती सुमारे २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. मालक कितीही गडगंज असला तरी त्रेपन्न हिरे विकत घेता येत नाहीत. म्हणजे काही माणसं स्वस्तात मिळवायलाच हवीत, आणि स्वस्तात तेच मिळतं जे बाकीच्या एकतीस जणांना नको असतं. पद्धतीचं खरं महत्त्व इथे सुरू होतं.

सुरुवात मात्र उलट्या टोकाने झाली. १९६९ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सकडे ग्रेग कुक नावाचा एक तरुण क्वार्टरबॅक आला. अफाट ताकदीचा हात, लांबच लांब फेक. त्याच वर्षी त्याचा खांदा दुखावला आणि कारकीर्द जवळजवळ तिथेच संपली. १९७० मध्ये त्याच्या जागी आला व्हर्जिल कार्टर. डोकं तल्लख, नेम अचूक, पण लांब फेकायला हातात जोरच नाही. तिथले साहाय्यक प्रशिक्षक होते बिल वॉल्श. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या: कार्टरला कुकसारखं खेळायला लावायचं आणि हरायचं, नाहीतर कार्टरला जे जमतं त्याचाच खेळ उभा करायचा. त्यांनी दुसरी वाट धरली. फेक छोटी, पण मैदानाच्या रुंदीभर पसरलेली. क्वार्टरबॅक मोजून तीन किंवा पाच पावलं मागे येणार, आणि त्याचं शेवटचं पाऊल टेकतं त्याच क्षणी रिसीव्हर वळलेला असणार. ताकदीची जागा वेळेने घेतली. पहिल्या सातपैकी सहा सामने हरलेला तो संघ उरलेले सातही जिंकून गटात पहिला आला, आणि १९७१ मध्ये अचूक फेकींच्या टक्केवारीत कार्टर सगळ्या लीगमध्ये अव्वल ठरला.

पुढे याच पद्धतीला 'वेस्ट कोस्ट' असं नाव पडलं. जन्म ओहायोतला, नाव पश्चिम किनाऱ्याचं. असो, आपल्यातही असे बरेच असतात.

मी १९७९ मध्ये सांख्यिकीत पीएचडी करायला बे एरियात आलो, त्याच वर्षी वॉल्श नाइनर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. आदल्या वर्षी संघाने सोळातले दोन सामने जिंकले होते. खेळाडू हाताशी नव्हते, पण पद्धत तयार होती. म्हणून आता पद्धत माणसं निवडू लागली. जो मोंटानाचा हात फार जोरकस नाही असं बहुतेकांचं मत होतं. वॉल्शना जोर नको होता, पाय चपळ हवे होते आणि चेंडू वेळेवर सुटायला हवा होता. मोंटाना तिसऱ्या फेरीत, ८२व्या क्रमांकावर मिळाला. क्लेमसन विद्यापीठाचा एक क्वार्टरबॅक बघायला वॉल्श गेले असताना त्याचे चेंडू झेलायला त्याचा रूममेट उभा राहिला होता. तो ड्वाइट क्लार्क. त्याला दहाव्या फेरीत घेतलं (तेव्हा बारा फेऱ्या असत). जानेवारी १९८२ मध्ये डॅलसविरुद्ध शेवटच्या मिनिटाला मोंटानाने फेकलेला आणि क्लार्कने हवेत उंच झेपावून पकडलेला चेंडू या भागात 'द कॅच' एवढ्याच नावाने ओळखला जातो. दोन आठवड्यांनी सुपर बोल जिंकला तो कोणाविरुद्ध? सिनसिनाटीविरुद्ध. आणि समोरचा क्वार्टरबॅक केन अँडरसन, ज्याला वॉल्शनीच तिथे असताना घडवलेलं.

रॉजर क्रेगचंही तेच. रनिंग बॅकने चेंडू घेऊन धावावं एवढीच सर्वसाधारण अपेक्षा. या पद्धतीत त्याने झेलायचंही असतं. १९८३ मध्ये दुसऱ्या फेरीत घेतलेल्या क्रेगने १९८५ च्या हंगामात धावून हजार आणि झेलून हजार यार्ड काढले. एकाच हंगामात हे करणारा तो पहिलाच. त्याच वर्षी वॉल्शनी आपल्या पुढच्या निवडी देऊन वरचा नंबर मिळवला आणि मिसिसिपीतल्या एका छोट्या विद्यापीठातून जेरी राइसला उचललं. म्हणजे स्वस्तात घेणं हे व्रत नव्हतं. जी वस्तू पद्धतीच्या मर्मस्थानी बसणार तिच्यासाठी पैसा मोजायचा आणि बाकी ठिकाणी हात आखडायचा, असा हिशेब होता. घर चालवणाऱ्या कोणालाही हा समजावून सांगावा लागत नाही.

या हिशेबाची कमाल पुढे डेन्व्हरने केली. नाइनर्सकडे तीन वर्षं आक्रमणाची सूत्रं सांभाळलेले माइक शॅनहन १९९५ मध्ये ब्रॉन्कोसचे प्रशिक्षक झाले आणि लाइनमनचे गुरू अ‍ॅलेक्स गिब्ज त्यांच्या सोबतीला आले. त्यांच्या पद्धतीत पाचही लाइनमन एका दिशेने, एका तालात सरकतात. कोणी विशिष्ट माणसाला नव्हे, तर आपल्या वाट्याच्या जागेला अडवतो. समोरचे खेचले जातात, कुठेतरी फट पडते. रनिंग बॅकने ती फट बघायची, एकदाच पाय रोवायचा आणि घुसायचं. नाचायचं नाही. यासाठी पर्वतप्राय लाइनमन नकोतच. वजनाने थोडे हलके, पण पायात चपळ हवेत. इतर संघ त्यांना 'लहान' म्हणून बाजूला टाकत. मधला खांब असलेला टॉम नेलन संघाला मिळाला होता सातव्या फेरीत.

आणि धावणारे? टेरेल डेव्हिस, १९९५, सहावी फेरी, १९६वा क्रमांक. १९९८ मध्ये त्याने २००८ यार्ड काढले आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९९ मध्ये त्याचा गुडघा गेला. चौथ्या फेरीतला ओलँडिस गॅरी उभा राहिला आणि त्याने हजाराचा टप्पा ओलांडला. २००० मध्ये पहिल्याच सामन्यात गॅरीचा गुडघा गेला. सहाव्या फेरीतला, पूर्वी मरीन दलात असलेला माइक अँडरसन आला, १४८७ यार्ड. खुर्ची तीच, माणसं बदलतायत. पाहताना आम्ही टाळ्या वाजवल्या, पण आता मागे वळून पाहताना त्या गुडघ्यांचा विचार मनात येतो. जी पद्धत सहाव्या फेरीतल्या पोराला राजा बनवते, तीच त्याला सांगत असते की तुझ्याशिवाय आमचं अडत नाही.

२००४ मध्ये डेन्व्हरने या तर्काचं शेवटचं टोक गाठलं. दोन हंगामांत दीड-दीड हजार यार्ड काढणारा, ऐन उमेदीतला क्लिंटन पोर्टिस त्यांनी वॉशिंग्टनला देऊन टाकला आणि बदल्यात बचावातला अव्वल खेळाडू चँप बेली घेतला, वर दुसऱ्या फेरीतली एक निवड. डेन्व्हरमध्ये पोर्टिस दर धावेला साडेपाच यार्ड काढत होता. वॉशिंग्टनच्या वेगळ्या पद्धतीत पहिल्या वर्षी तो चारच्याही खाली आला. पाय तेच होते. एक वर्षात त्याने जुळवूनही घेतलं, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं.

पण मला या विषयाने खरं अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच एका खेळाडूने. २००५ च्या ड्राफ्टमध्ये नाइनर्सचा नंबर पहिला होता. त्यांनी युटा विद्यापीठाचा अ‍ॅलेक्स स्मिथ घेतला. वय अवघं वीस. युटामध्ये तो वेगळ्याच पसरट पद्धतीत खेळलेला, चेंडू लांबून झेलणारा. इथे आल्यावर पहिल्या वर्षी आक्रमणाचा प्रशिक्षक एक, दुसऱ्या वर्षी दुसरा, तिसऱ्या वर्षी तिसरा, चौथ्या वर्षी चौथा, पाचव्या वर्षी पाचवा. प्रत्येकाची पद्धत निराळी, शब्द निराळे. कालचा संकेत आज दुसऱ्याच अर्थाचा. त्यात खांद्याच्या शस्त्रक्रिया. घरच्या मैदानावर लोक त्याची हुर्यो उडवत, आणि मी खोटं बोलणार नाही, घरी बसून आम्हीही उडवत होतो. ड्राफ्टच्या दिवशी २४व्या क्रमांकापर्यंत कोणी न विचारलेला अ‍ॅरन रॉजर्स तिकडे ग्रीन बेमध्ये तीन वर्षं शांतपणे बाकावर बसून एकच पद्धत शिकला. रॉजर्स अधिक गुणी होता हे मला मान्य आहे. पण दोघांच्या जागा बदलल्या असत्या तर काय झालं असतं, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकेल असं मला वाटत नाही. २०११ मध्ये जिम हार्बॉ प्रशिक्षक म्हणून आले, स्मिथला झेपेल अशी पद्धत आखली गेली, आणि त्याच 'फुकट गेलेल्या' मुलाने सोळातले तेरा सामने जिंकून दिले.

तेरावा सामना जिंकला त्या रात्री मला माझ्या विभागातला एक तरुण सहकारी आठवला. आम्ही त्याला नेमलं तेव्हा विभागात शेतीविषयक आकडेवारीचं नवं केंद्र काढायचं ठरत होतं आणि तो त्याच कामातला होता. वर्षभरात विभागप्रमुख बदलले, केंद्र बारगळलं. पुढचे प्रमुख आले, त्यांना वेगळंच काहीतरी हवं होतं. त्या बिचाऱ्याने दर वेळी नव्याने सुरुवात केली. सहाव्या वर्षी त्याला कायम करायचं की नाही हे ठरवणाऱ्या समितीत मी होतो. 'अपेक्षेप्रमाणे प्रगती दिसत नाही' हे वाक्य मी लिहिलेलं आहे, माझ्या हाताने. अपेक्षा कोणत्या, आणि त्या किती वेळा बदलल्या, हे त्या अहवालात कुठेच नव्हतं. माणूस मोजायला आम्ही तीन सांख्यिकीतज्ज्ञ बसलो होतो!

सगळे संघ असं वागत नाहीत. बाल्टिमोरने २०१८ मध्ये पहिल्या फेरीतला अगदी शेवटचा, ३२वा नंबर वापरून लमार जॅक्सनला घेतलं. विजेसारखा धावणारा क्वार्टरबॅक. त्याने रिसीव्हर व्हावं असा सल्लाही काही जाणत्यांनी दिला होता. बाल्टिमोरने त्याला बदललं नाही, घर बदललं. २०१९ मध्ये आक्रमणाची सूत्रं ग्रेग रोमनकडे दिली, ज्यांनी हार्बॉंच्या काळात नाइनर्सचं आक्रमण सांभाळलं होतं. धावण्याभोवती सगळी मांडणी झाली. त्यासाठी धक्के देणारी माणसं लागतात, म्हणून एका वेळी तीन-तीन टाइट एंड, आणि पॅट्रिक रिकार्ड नावाचा तीनशे पौंडांचा बचावपटू चक्क फुलबॅक म्हणून उभा केला. त्या हंगामात संघाने ३२९६ यार्ड धावून काढले, लीगचा विक्रम, आणि सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत सगळीच्या सगळी मतं जॅक्सनला मिळाली. अर्थात बाद फेरीतल्या पहिल्याच सामन्यात टेनेसीने आघाडी घेतली आणि धावून भरून काढायला वेळ उरला नाही. ज्या संघाची सगळी माणसं एका कामासाठी निवडलेली, त्याला दुसरं काम पडलं की असं होतं.

आता पुन्हा आमच्या नाइनर्सकडे, म्हणजे माइक शॅनहन यांचे चिरंजीव काइल यांच्याकडे. ते २०१७ मध्ये आले. घराणं तेच, गायकी थोडी वेगळी: वडिलांची ती तालात सरकणारी लाइन, तिच्यावर वॉल्शच्या वेळेवर सुटणाऱ्या फेकी, आणि चेंडू सुटण्याआधी माणसांची सतत हलवाहलव. बहुतेक संघांनी फुलबॅक ही जागाच मोडीत काढली होती. शॅनहननी आल्या आल्या हार्वर्डमध्ये शिकलेल्या काइल युझचेकला चार वर्षांसाठी २ कोटी १० लाख डॉलर देऊ केले. फुलबॅकला एवढे पैसे? तेव्हा पुष्कळ हसू झालं. पण जो धक्काही देतो आणि झेलतोही, तो मैदानात असला की समोरच्यांना अंदाज येत नाही की हे आता धावणार की फेकणार. जॉर्ज किटल हा टाइट एंड याच कारणाने मोलाचा. तो मिळाला पाचव्या फेरीत, १४६वा.

एवढी शिस्त असलेल्या माणसाचाही एकदा मोह अनावर झाला. मार्च २०२१ मध्ये नाइनर्सनी तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि वर तिसऱ्या फेरीतली एक मायामीला देऊन तिसरा नंबर घेतला आणि ट्रे लान्सला निवडलं. ताकदवान हात, वेगवान पाय, पण अनुभव अगदी थोडा. धावू शकणारा क्वार्टरबॅक आला की पद्धतच नवी करता येईल, असा बेत असावा. २०२२ मध्ये दुसऱ्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला. डिसेंबरात जिमी गरोपलोचं पाऊल मोडलं. उरले श्रीयुत बिनकामाचे.

पर्डीचा हात साधारण, उंची बेताची. पण कॉलेजात चार वर्षं खेळलेला, निर्णय झटपट, चेंडू वेळेवर सुटणारा. व्हर्जिल कार्टरसाठी बावन्न वर्षांपूर्वी शिवलेला अंगरखा याला बेतून शिवल्यासारखा बसला. २०२३ मध्ये त्याचा पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर, आणि त्यात वाचलेल्या पैशात संघाला इतर महागडी माणसं ठेवता आली. त्याच ऑगस्टमध्ये लान्स डॅलसला गेला, फक्त चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात.

मग वाद सुरू झाला: हे पर्डीचं कर्तृत्व की पद्धतीचं? नातू विचारतो, "आजोबा, तुम्ही स्टॅटिस्टिक्सचे ना, मग सांगा." सांख्यिकीची अडचण अशी की दोन कारणं नेहमी हातात हात घालून आली तर कोणाचा वाटा किती, हे आकडे सांगू शकत नाहीत. पर्डी दुसऱ्या कोणत्या पद्धतीत खेळलाच नाही. पण संघाला उत्तर द्यावंच लागतं, कारण करार संपत येतो. मे २०२५ मध्ये त्यांनी दिलं: पाच वर्षं, साडेसव्वीस कोटी डॉलर. त्याच वसंतात डीबो सॅम्युएल वॉशिंग्टनला गेला, ग्रीनलॉ आणि हुफांगा डेन्व्हरला, वॉर्ड इंडियानापोलिसला. स्वस्त क्वार्टरबॅकभोवती मांडलेला संसार महागड्या क्वार्टरबॅकला घेऊन चालत नाही. माझं मत विचाराल तर पैसे जास्त दिले, पण त्यांच्या जागी मीही दिले असते.

हे लिहीत असतानाच आणखी एक गंमत घडली. २०२५ च्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात पर्डीच्या पायाचा अंगठा दुखावला आणि मॅक जोन्स मैदानात आला. २०२१ मध्ये तो तिसरा नंबर नाइनर्स याच्यासाठीच घेत आहेत असं पुष्कळांना वाटत होतं, तोच हा. त्याला न्यू इंग्लंडने १५वा घेतला. पहिलं वर्ष छान गेलं, आणि मग तीन वर्षांत तीन माणसांनी त्याचं आक्रमण चालवलं. वाया गेलेला म्हणून तो जॅक्सनव्हिलला गेला, तिथून २०२५ मध्ये इथे, राखीव म्हणून, स्वस्तात. त्याने सुरुवात केलेले पहिले तीनही सामने संघाने जिंकले. ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी लॉस एंजेलिसमध्ये जादा वेळेत जिंकलेला सामना आम्ही आजोबा-नातू मिळून पाहिला. लेख संपादकांकडे पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशीची होती. सामना संपल्यावर नातू बराच वेळ गप्प बसून होता. मग त्याने विचारलं, "आजोबा, तुमचा तो डिपार्टमेंटमधला माणूस, तो आता कुठे असतो?"

मी म्हटलं, उद्या शोधू.